मिरचीच्या माहेरी

नागपूरहून उमरेडच्या सडकेला लागावे आणि कुही फाट्यावर डावीकडे वळावे. अंतर सारे चाळीस किलोमीटरच्या आसपास. महिना माघ-फाल्गुनाचा असेल, तर नव्या पाहुण्याला गाव जवळ आल्याचे पाटी वाचून कळत नाही. ते नाकाने कळते. एसटीच्या खिडकीतून वाऱ्याची एक झुळूक आत शिरते आणि निम्मी गाडी ठसकू लागते. कंडक्टर तेवढा शांतपणे तिकिटांचा हिशेब जुळवत बसतो. तो इकडचाच असतो.

पूर्वी इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी आगगाडीही कुहीवरून जात असे. मी इथल्या महाविद्यालयात मराठी शिकवायला रुजू झालो तो त्याच गाडीने. रूळ रुंद करायचे म्हणून २०१९ साली ती थांबली. त्या गाडीत बसलो की शेजारचा माणूस आधी तुमचे गाव विचारी, मग आडनाव, मग पगार. आणि या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली की स्वतःच्या शिदोरीतली भाकर पुढे करी. परक्या मुलखात प्रवेश मिळण्याचा तो माझा पहिला अनुभव. कागद एकही लागला नाही.

ठसका लावणारी ती झुळूक येते सातऱ्यावरून. बाहेरच्या वाचकांना सातारा जिल्हा आठवेल म्हणून सांगतो, आमच्याकडे सातरा म्हणजे जिथे बायका ओळीने बसून वाळलेल्या मिरचीचे देठ खुडतात ती जागा. कुही, मांढळ, भिवापूर या पट्ट्यात असे सातरे पुष्कळ. लाल ढिगाऱ्यांच्या मधे तोंडाला पदर बांधून बसलेल्या बायका दुरून एखाद्या चित्रासारख्या दिसतात. जवळ गेल्यावर मात्र चित्र पाहण्याची सोय उरत नाही, कारण डोळ्यांना पाणी येते. मजुरी किलोवर. हातांची आग रात्री उशिरापर्यंत जात नाही, आणि ते हात घेऊनच घरी पोळ्या लाटायच्या असतात, लेकराला जवळ घ्यायचे असते.

अशाच एका सातऱ्यावर काम करणाऱ्या बाईची मुलगी आमच्याकडे अकरावीला आली. मी तिला दोन वर्षे मराठी शिकवले. नंतर ती नागपूरच्या कृषी महाविद्यालयात गेली, पुढे कृषीतच एम. एस्सी. झाली. २०२३ च्या दसऱ्याला ती सोने द्यायला घरी आली, आपट्याची पाने हातावर ठेवली आणि म्हणाली, "सर, मेक्सिकोत शिकायला जायचं म्हणते. मिरचीवर काम करायचं आहे."

मी मराठीचा माणूस. मला मेक्सिकोची माहिती नकाशापलीकडे फारशी नव्हती. मी म्हटले, "मिरचीसाठी इतक्या लांब? कुहीत काय कमी आहे?"

ती हसली. म्हणाली, "सर, इथं ती सासरी आहे. माहेर तिकडं आहे."

हे वाक्य मला पुढे वर्षभर पुरले. मिरचीचे माहेर खरोखरच मेक्सिकोत. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी रानातली मिरची अंगणात आणली. कोलंबस १४९२ साली त्या बाजूला पोचला आणि पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. इथे तिला नाव नव्हते, म्हणून आपल्या लोकांनी तिला घरातल्याच मिऱ्याचे नाव थोडे वळवून दिले. मिरी आणि मिरची यांचे रक्ताचे नाते काही नाही, नाते तिखटाचे. आणि आता पाहा, भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे ती इथलीच असल्याचा सरकारी दाखला! परदेशातून आलेल्या पाहुणीला रहिवासी दाखला मिळाला, आणि तिच्या मागावर निघालेल्या इथल्या मुलीला मात्र दाखले गोळा करता करता नऊ महिने लागले. त्या नऊ महिन्यांची ही हकिगत.

मुलीचा विषय होता चुरडा-मुरडा. मिरची लावणाऱ्याला हा शब्द ऐकून घाम फुटतो. पाने आक्रसतात, कोकडतात, झाड खुरटते आणि हातातोंडाशी आलेले पीक जाते. विषाणू पांढऱ्या माशीबरोबर येतो. तिच्या वडिलांचा मिरचीचा वावर दोन वेळा असा गेला होता. मेक्सिकोच्या रानात चिल्तेपिन नावाची बारीक, वाटाण्याएवढी रानमिरची आहे. तिच्यातली काही झाडे या जातीच्या रोगांना सहज बळी पडत नाहीत, असे तिथल्या संशोधकांना दिसले आहे. ते बळ कुठून येते हे शिकायचे, अशी तिची धडपड. तेस्कोको शहराजवळच्या एका संस्थेने तिला घेण्याची तयारी दाखवली होती.

घरी ही गोष्ट सांगायला मी बरोबर गेलो. आजोबा बाजेवर पडून होते. मेक्सिकोचे नाव ऐकताच उठून बसले. "मेक्सिको? तो गव्हाचा का जी?" मला क्षणभर उमगले नाही. मग लक्षात आले. १९६६ साली आपल्या सरकारने मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले होते. लेर्मा रोहो, सोनोरा ही त्या वाणांची नावे. आजोबा तेव्हा पोरसवदा होते, पण बुटक्या गव्हाची ती चर्चा त्यांच्या कानात राहिली होती. "मंग जाऊ दे तिले," ते म्हणाले. "त्याईनं आपल्याले बी देल्लं. खराब लोक नसन."

आजोबांकडून प्रवेश इतक्या सहज मिळाला. बाकीच्यांचे मन वळवायला दोन महिने लागले.

आता कागदांकडे वळतो. सहा महिन्यांहून अधिक काळ शिकायचे असेल, तर मेक्सिकोचा विद्यार्थ्याचा तात्पुरत्या रहिवासाचा व्हिसा घ्यावा लागतो. त्यासाठी पारपत्र हवे, संस्थेचे प्रवेशपत्र हवे, आणि खर्चाची सोय असल्याचा पुरावा हवा. दिल्लीच्या दूतावासात स्वतः हजर राहून मुलाखत द्यायची, बोटांचे ठसे द्यायचे. संस्थेसाठी पदवीची प्रमाणपत्रे स्पॅनिशमध्ये भाषांतर करून द्यायची. त्याआधी त्यांवर अपोस्टिल करून घ्यायचे. हे अपोस्टिल म्हणजे आपल्या परराष्ट्र खात्याने चिकटवलेला एक चौकोनी कागद: 'खालची सही खरी आहे' एवढेच तो दुसऱ्या देशाला सांगतो. १९६१ साली हेग येथे झालेल्या करारातून ही रीत निघाली आणि २००५ पासून आपण त्यात आहोत. गावात सरपंच सांगतो, 'मी ओळखतो याला.' त्याचीच ही मोठी आवृत्ती.

आमच्या तालुक्याला कागदाचे वावडे नाही. मांढळला वाकाटकांचे ताम्रपट सापडले आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी दिलेल्या जमिनीचे ते सातबारेच म्हणा ना! तांब्यावर कोरलेले असल्यामुळे त्यांना वाळवीचीही भीती नव्हती. पण आमच्या मुलीच्या अर्जात पहिलाच प्रश्न असा निघाला की मलाही उत्तर सुचेना. तिने फॉर्मवर पेन टेकवून विचारले, "सर, जन्मस्थान जुनं लिहू की नवं?"

तिचे जन्मगाव पाण्याखाली आहे. वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आले. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली होती. काम वर्षानुवर्षे चालले, पाणी टप्प्याटप्प्याने चढत गेले आणि कुही-भिवापूरकडची कितीतरी गावे उठून दुसरीकडे गेली. ही मुलगी तेव्हा शाळेत होती. नव्या जागी आखीव रस्ते मिळाले, नळ मिळाला, गावाला नावही जुनेच मिळाले. पण तिचा जन्म झाला ते घर, ती शाळा, तो पिंपळ हे काही बरोबर आले नाही. पारपत्रावर गावाचे नाव छापले आहे. ते नाव खरे, पण ते ज्या जागेचे आहे तिथे आज मासे फिरतात.

"पारपत्रावर आहे तसंच लिही," मी म्हटले. उत्तर कायद्याने बरोबर होते. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही आंभोऱ्याला गेलो. ती, तिचे वडील आणि मी. कुहीपासून आंभोरा फार लांब नाही. वैनगंगा, कन्हान, आम आणि आणखी दोन लहान नद्या तिथे एकमेकींना भेटतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. आता वैनगंगेवर तारांनी तोललेला मोठा पूल झाला आहे आणि सुटीच्या दिवशी नागपूरची माणसे फोटो काढायला येतात. आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर बसलो. समोर समुद्रासारखे पाणी. वडील पाण्याकडे बोट दाखवून सांगू लागले, "त्या तिकडं आपलं वावर होतं. त्याच्या बाजूनं मसणवटा. तिथं माही माय हाये." त्यांनी 'होती' म्हटले नाही, 'हाये' म्हटले. मी व्याकरणाचा मास्तर, पण दुरुस्ती करण्यासारखे त्यात काही नव्हते.

आंभोऱ्याला मराठीच्या मास्तराने जायचे आणि मुकुंदराजांची आठवण काढायची नाही, हे शक्य नाही. 'विवेकसिंधु' शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली पुरा झाला असे मानतात, आणि तो इथेच रचला गेला अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथांची समाधी इथे दाखवतात. पण मराठवाड्यातले आंबेजोगाईकरही त्यांच्यावर हक्क सांगतात, आणि त्यांचेही पुरावे आहेत. म्हणजे मराठीच्या आद्यकवीचा रहिवासी दाखलासुद्धा आजवर वादात आहे! हे मी मुलीला सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा मनापासून हसली. म्हणाली, "मग त्यांना व्हिसा मिळाला नसता सर." मी म्हटले, "आणि त्यांच्या पानात मिरचीही नव्हती. ती यायला अजून तीनशे वर्षं होती." वडिलांना हे पटेना. मिरचीशिवाय माणूस ग्रंथ कसा लिहील, हा त्यांचा प्रश्न होता.

जन्मस्थानाचा प्रश्न असा हसण्यावारी गेला. पैशांचा गेला नाही.

शिष्यवृत्तीची आशा होती, पण ती तिथे नाव दाखल झाल्यानंतरची. व्हिसासाठी हाती असलेला पैसा दाखवायचा होता. मेक्सिकोच्या नियमांत हा आकडा किमान रोजीच्या पटीत बांधला गेला: खात्यात मागचे सहा महिने सरासरीने अमुक इतक्या दिवसांच्या रोजीएवढी शिल्लक असली पाहिजे. मी हे समजावून सांगितले तेव्हा वडिलांचा चेहरा उजळला. "रोजीच्या हिशेबानं मोजतेत? मंग ते आपल्यासारकेच लोक हायेत." पण रुपयांत आकडा काढला तेव्हा ते उठून अंगणात गेले.

नागपूरला एका एजंटाने सोपा मार्ग सुचवला. खात्यात पैसे तो दाखवणार, कागद तो तयार करणार, आपण टक्केवारी द्यायची. 'सगळे असेच करतात,' असे तो म्हणाला. मी प्रामाणिकपणे कबूल करतो की माझे मन क्षणभर डळमळले. मीच तिला प्रोत्साहन दिले होते, आणि आता एका शेतकऱ्याच्या घरावर त्याचा भार पडत होता. खोटा कागद कोणाचे काय घेतो, असेही मनात आले. नकार दिला तो मुलीने. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "सर, मी तिथं दोन वर्षं राहणार. रोज वाटत राहील की मी खोटी आहे." मी गप्प झालो. वर्गात मूल्यशिक्षणाचा धडा मी तिला शिकवला होता, हे त्या क्षणी आठवून बरे वाटले नाही.

डिसेंबरात वडिलांनी सडकेलगतचा एक एकर विकला. पहिली जमीन पाण्यात गेली होती, तिचा मोबदला नव्या घरात गेला होता. उरलेल्या चार एकरांतली ही एक. मोठ्या भावाने बोलणे टाकले. 'पोरीसाठी वावर विकते का कोणी?' हा त्याचा सवाल गावभर फिरला. पोरासाठी विकले असते तर हा सवाल निघाला नसता हे सगळ्यांना ठाऊक होते, पण बोलले कोणी नाही.

पैसे मुलीच्या आणि आईच्या नावे खात्यात ठेवायचे ठरले. खात्याच्या कामासाठी आईचे ठसे हवे होते. यंत्रावर तिने अंगठा ठेवला, उमटला नाही. मग तर्जनी, मग मधले बोट. "पुसून ठेवा," समोरचा माणूस म्हणाला. तिने पदराने पुसले. पुन्हा नाही. वीस वर्षे मिरचीचे देठ खुडून बोटांवरच्या रेघा झिजून गेल्या होत्या. ती ओशाळून हसत होती, जणू चूक तिचीच. मुलगी आईच्या बोटांकडे पाहत होती आणि मग तिने हळूच स्वतःची बोटे पाहिली. शाळेच्या सुट्यांत तीही सातऱ्यावर बसली होती. तिसऱ्या खेपेला, दुसऱ्या दिवशी, तेल लावून आलेल्या आईची करंगळी उमटली आणि काम झाले.

त्यानंतरचे सहा महिने त्या घराने जे केले, ते मी लांबून पाहिले. सरासरी सहा महिन्यांची, म्हणून पैसे हलवायचे नाहीत. चैत्रात आजोबा आजारी पडले तेव्हा पैसे खात्यात होते आणि उसनवारी शेजाऱ्याकडून केली. मृगात पेरणी आली. बियाणे उधारीवर आणले, खत उधारीवर आणले. आपलेच पैसे आपल्या खात्यात आहेत आणि त्यांना हात लावता येत नाही, हा अनुभव श्रीमंतांना बहुधा गमतीचा वाटेल. शेतकऱ्याच्या घरात तो उपासासारखा असतो. व्हिसाचा नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. पाहुणा उपाशी राहू नये हे पाहणे यजमानाचे कामच आहे. पण मनात येते ते असे, की माणूस घराला किती बांधलेला आहे हे कागद विचारतो, आणि ज्यांची मुळे सर्वांत खोल, त्यांच्याकडेच ते दाखवण्याचे कागद सर्वांत कमी असतात.

याच काळात ती स्पॅनिश शिकत होती. फोनवर ऐकायची, शेतात बोलून पाहायची. "सर, यांच्यात नपुंसकलिंग फारसं नाहीच. नामाला दोनच लिंगं. एक झंझट कमी," हा तिचा पहिला अहवाल. माझ्या विषयाला झंझट म्हटल्याबद्दल मी रागावण्याचा प्रयत्न केला. पण मलाही गोडी लागली. आपल्या 'पगार' शब्दाची पोर्तुगीज आई आणि स्पॅनिश मावशी एकाच रूपाच्या: पागार, म्हणजे पैसे देणे. पावाला ते पान म्हणतात. टोमॅटोला आमच्याकडे भेदरे म्हणतात. पण टोमॅटो हा शब्द निघाला तो मेक्सिकोच्या जुन्या नावात्ल भाषेतून, आणि तिखट मिरचीचे 'चिली'ही त्याच भाषेतले. तिकडे मिरचीला चीलेच म्हणतात.

वैशाखात प्रवेशाचे पक्के पत्र आले आणि जुलै २०२४ मध्ये आम्हाला दिल्लीची तारीख मिळाली. नागपूरहून ग्रँड ट्रंक एक्सप्रेसने निघालो. तिघेच. आईने बरोबर भाकरी, ठेचा आणि एक लहान पुडी दिली होती. पुडीत भिवापुरी मिरची. "साहेबाले दाखवजो," ती म्हणाली होती. ती पुडी दूतावासात न्यायची नाही, हे मला वाटेत दोनदा समजावून सांगावे लागले.

वाटेत अंधार पडला. वडिलांना झोप येत नव्हती. म्हणून मी त्यांना डॉक्टर पांडुरंग खानखोजे यांची गोष्ट सांगितली. आपल्या शेजारच्या वर्ध्याचा हा माणूस विद्यार्थिदशेतच देश सोडून गेला, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, गदर चळवळीत पडला, पहिल्या महायुद्धात इराणात जाऊन इंग्रजांविरुद्ध लढला. मायदेशाचे दार बंद झाले. १९२४ साली ते मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मका आणि गव्हावर त्यांनी संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या भिंतीवर भाकरी वाटणारा म्हणून त्यांना रंगवले आहे. हे चापिंगो तेस्कोकोलाच लागून. आमची मुलगी निघाली होती ती थेट त्यांच्या शेजारी.

"मंग परत आले का ते?" वडिलांनी विचारले.

आले, पण सरळ नाही. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी परतण्यासाठी अर्ज केला, तेव्हा इंग्रजांच्या काळच्या यादीत नाव असल्यामुळे त्यांच्याच देशाने त्यांना आधी नकार दिला. ज्यांच्यासाठी यादीत नाव चढले, त्यांच्याच दारात ते नाव आडवे आले. नकार पुढे मागे घेतला गेला. अखेर ते नागपूरला येऊन राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच वारले. वीणा गवाणकरांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले आहे. २०२२ साली चापिंगोला त्यांचा पुतळा बसला.

वडील बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "म्हंजे जाचा कागद बी लागते अन् येवाचा बी."

दिल्लीत पावसाची उघडीप होती आणि उकाडा विचारू नका. पहाडगंजात उतरलो, सकाळी वेळेच्या दोन तास आधी दूतावासाशी पोचलो. आत फक्त ती गेली. आम्ही दोघे समोरच्या झाडाखाली. वडिलांनी तासाभरात एकदाही व्हिसाचे नाव काढले नाही. ते सारखे आपली बोटे अंगठ्याने चाचपत होते.

दीड तासाने ती बाहेर आली. वडील पुढे झाले आणि त्यांनी एकच विचारले, "बोटं उमटली?"

"उमटली बाबा. दाही."

तो माणूस तिथेच फुटपाथवर बसला आणि रडला. मी पाण्याची बाटली शोधण्याचे निमित्त केले.

नंतर तिने सांगितले. आतल्या बाईंनी कागद शांतपणे पाहिले. मग स्पॅनिशमध्ये विचारले, मिरचीच्या देशातून मिरची शिकायला इतक्या लांब का? ही उत्तरली, "आमच्या मिरचीची आजी तुमच्याकडे राहते. आमची आजारी पडते, तुमची पडत नाही. आजीला औषध विचारायला जाते." वाक्यात दोन चुका झाल्या म्हणाली. बाई हसल्या, आणि त्यांनी एक चूक दुरुस्त करून दिली.

व्हिसा मिळाला. एकशे ऐंशी दिवसांच्या मुदतीचा, एका प्रवेशाचा. पोचल्यावर तीस दिवसांच्या आत रहिवासाच्या कार्डासाठी अर्ज करायचा. पारपत्राच्या पानावर चिकटलेला तो कागद वडिलांनी उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "एक एकराचा हाये." त्यात तक्रार नव्हती. शेतकऱ्याने मोजमाप सांगितले, इतकेच.

ऑगस्टात ती गेली. त्यानंतरची दिवाळी मला विसरता येणार नाही. त्या वर्षी आमच्याकडे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते. मेक्सिकोत नेमक्या १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. घरोघर गेलेल्या माणसांचे फोटो मांडतात, दिवे लावतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. आपली सर्वपित्री आणि दिवाळी एकत्र झाल्यासारखेच. आणि फूल कोणते, तर झेंडू! झेंडूचे माहेरही तेच. दसऱ्या-दिवाळीला त्याच्या तोरणाशिवाय आपले दार उघडत नाही, पण तोही मिरचीच्या मागोमाग आलेला पाहुणा. मुकुंदराजांच्या दाराला झेंडूचे तोरण नव्हते.

मी फराळाला त्यांच्याकडे गेलो होतो. फोनवर तिने चित्रे पाठवली. रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची पिवळी वाट काढलेली. त्या वाटेच्या रंगाने आणि वासाने गेलेली माणसे आपले घर ओळखतात, असा तिकडचा समज आहे, असे तिने लिहिले होते. आईने फोन दिव्याजवळ धरून बराच वेळ पाहिला. "आपलाच झेंडू हाये हा," म्हणाली. मग थोड्या वेळाने मला विचारले, "सर, ज्याईचं गाव बुडालं, त्याईची माणसं कोणत्या वाटेनं येत असन जी? जुन्या का नव्या?"

मला उत्तर आले नाही. वडील उठले, तोरणातले उरलेले झेंडू त्यांनी फडक्यात बांधले. दुसऱ्या दिवशी ते आंभोऱ्याला गेले. पुलावर गेले नाहीत. देवळाखालच्या पाण्याशी बसून एकेक फूल सोडले. त्यांच्यासोबत त्यांचा मोठा भाऊ होता. दहा महिन्यांनी दोघे बोलले, आणि काय बोलले ते मी विचारले नाही.

शिष्यवृत्ती तिला पुढे मिळाली. एकर परत यायचा नाही. सातरा चालू आहे, आई अजून जाते. मला कधी रस्त्यात भेटली की विचारते, "येइन ना जी ते परत?" मिरची परत गेली नाही, झेंडू गेला नाही, खानखोजे मात्र उतारवयात का होईना, आले. मी म्हणतो, "येईल. बी घेऊन येईल."

परवा तिचा निरोप आला. तिथे तिने कुंडीत दोन झाडे शेजारी शेजारी लावली आहेत. एक चिल्तेपिनचे, दुसरे तिथलेच, पण आपल्या भिवापुरीसारखे दिसणारे. लिहिले होते, "सर, आईला सांगा, इथल्या मिरचीचा ठसका अगदी आपल्यासारखा आहे. पहिल्या दिवशी बाजारात शिरले आणि डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईंना वाटलं, मी रडते आहे."